सर्वांसाठी राखलेले रान : अमेरिकेतील स्टेट पार्क आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत जे शब्द नव्या अर्थाने रुजले, त्यांत ‘सार्वजनिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिच्या कार्यामुळे गणेश वासुदेव जोशी ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाऊ लागले. महात्मा फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८९३ पासून गणेशोत्सवालाही हेच विशेषण लागले. तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. मात्र त्या ‘सर्व जनां’मध्ये कोण मोडतो आणि कोण मोडत नाही, याविषयीच्या कल्पना तिन्ही ठिकाणी सारख्या नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला शब्दांची अशी चरित्रे नेहमीच उद्बोधक वाटतात. याच शब्दाचे एक दूरदेशीचे चरित्र प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे. ते ग्रंथांत कमी आणि जमिनीवर अधिक लिहिले गेलेले आहे. अमेरिकेतील घटकराज्यांनी लोकांच्या विहारासाठी राखून ठेवलेली रानावनांची क्षेत्रे, म्हणजे तेथील स्टेट पार्क, हा त्याचा विषय.

‘पार्क’चे भाषांतर आपण ‘उद्यान’ असे करतो आणि मग डोळ्यांपुढे फुलांचे वाफे व कारंजी उभी राहतात. स्टेट पार्क तसा नसतो. तेथे डोंगरवाटांनी पायी भटकता येते, नेमून दिलेल्या जागी तंबू ठोकून चार रात्री राहता येते, तळ्यात पोहता येते, होडी वल्हवता येते, गळ टाकून मासे धरता येतात. राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारची असतात आणि त्यांचा बोलबाला जगभर आहे. स्टेट पार्क राज्यांच्या मालकीचे असतात व बहुधा गावापासून तास-दोन तासांच्या अंतरावर असतात. सामान्य माणसाची सुटीची सहल तेथेच होते. वर्षाकाठी या पार्कांना सत्तर कोटींहून अधिक भेटी दिल्या जातात. एखाद्या समाजाच्या ‘सार्वजनिक’पणाची परीक्षा घ्यायची असेल, तर भव्य स्मारकांपेक्षा अशा नित्याच्या जागा अधिक उपयोगी पडतात, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा आरंभ ३० जून १८६४ या दिवशी झाला असे मानतात. यादवी युद्ध चालू असतानाच अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली आणि योसेमिटी खोरे व तेथील महावृक्षांची मॅरिपोसा राई कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करण्यात आली. ही जागा लोकांच्या उपयोगासाठी व विहारासाठी राखावी आणि ती कधीही कोणाला विकू नये, अशी अट त्या कायद्यात होती. ‘यलोस्टोन’ हे पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ चे; म्हणजे राज्याच्या हाती रान सोपवण्याची कल्पना त्याहून आठ वर्षांनी जुनी ठरते.

खोऱ्याच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या मंडळात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार म्हणून त्यांचे नाव झाले होते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सहकाऱ्यांपुढे एक अहवाल वाचला. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : निसर्गसौंदर्याचा सहवास ही मनाच्या आरोग्यासाठी आवश्यक गोष्ट आहे, जुन्या जगात देशातील सर्वांत रमणीय जागा मूठभर श्रीमंतांच्या खासगी मालकीत गेल्या आहेत, सरकारने हात राखला तर येथेही तेच होईल, म्हणून अशा जागा सर्व लोकांसाठी राखणे हे लोकशाही शासनाचे कर्तव्य ठरते. हा अहवाल विधिमंडळापुढे गेलाच नाही. तो दडपला गेला आणि लॉरा वूड रोपर या अभ्यासिकेने त्याची जुळणी करून १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला. जवळजवळ नव्वद वर्षे न वाचला गेलेला हा मजकूर आज या चळवळीची संहिता मानला जातो.

पण जी जागा ‘सर्व लोकांना’ दिली गेली, ती रिकामी नव्हती. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन या सशस्त्र दलाने योसेमिटी खोऱ्यात शिरून तेथील अहवाहनीची लोकांना हुसकावण्याची मोहीम काढली होती. त्यांच्या वस्त्या आणि हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न जाळण्यात आले. बाहेरच्या जगाला या खोऱ्याची ओळख झाली ती या मोहिमेमुळेच. एकंदरीत, ‘सर्वांसाठी’ या शब्दाच्या पहिल्याच उच्चारात एका समूहाची वजाबाकी झालेली होती. त्या वेळी ती कोणाला खटकली नाही, कारण तो समूह ‘जनां’त मोजलाच जात नव्हता.

ओल्मस्टेड यांच्या युक्तिवादाचा दुसरा प्रयोग नायगाऱ्यास झाला. धबधब्याभोवतीच्या जमिनी खासगी मालकांकडे गेल्या होत्या. कुंपणे उभी राहिली होती, गिरण्यांनी काठ व्यापला होता. अमेरिकन तीरावर पैसे न मोजता धबधबा पाहता येईल अशी जागा जवळजवळ उरली नव्हती. ‘नायगारा मुक्त करा’ अशी चळवळ झाली आणि न्यूयॉर्क राज्याने सुमारे १४ लक्ष डॉलर मोजून त्या जमिनी परत घेतल्या. १५ जुलै १८८५ रोजी हे क्षेत्र लोकांना विनामूल्य खुले झाले. ‘सार्वजनिक’ म्हणजे ‘खासगी नव्हे ते’, एवढा अर्थ येथे पक्का झाला. मालकाचा दरवाजा काढून टाकला की जागा सर्वांची होते, असा विश्वास या अर्थामागे होता. तो पुरेसा नव्हता, हे कळायला पुढची सत्तर वर्षे जावी लागली.

दरम्यान लोक रानात जाऊ लागले होते आणि त्याला एक पुस्तक कारणीभूत झाले. बॉस्टनचे धर्मोपदेशक विल्यम मरे यांनी १८६९ मध्ये ॲडिरॉन्डॅक डोंगरांतील तंबूतल्या मुक्कामांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच उन्हाळ्यात शहरांतून इतके हौशी प्रवासी तिकडे लोटले की वृत्तपत्रांनी त्यांना ‘मरेचे मूर्ख’ असे नाव ठेवले. ज्यांना पोटापाण्यासाठी रानात राहावे लागत होते, त्यांच्या दृष्टीने तंबूत झोपणे ही चैन नव्हती. ती चैन झाली शहरवासीयांसाठी. पुढे न्यूयॉर्क राज्याने ॲडिरॉन्डॅकमधील आपले वन कायमचे वन्य राखण्याची तरतूद थेट राज्यघटनेत केली. १८९४ मध्ये मंजूर झालेली ती तरतूद आजही लागू आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही चैन खालच्या थरांपर्यंत पोहोचवण्याचे प्रयत्न झाले. हडसन नदीकाठच्या बेअर माउंटन येथे राज्य सरकार तुरुंग बांधू लागले होते. १९१० मध्ये मेरी हॅरिमन यांनी दहा हजार एकर जमीन आणि दहा लक्ष डॉलर देऊ केले, ते तुरुंगाचा बेत रद्द करण्याच्या अटीवर. १९१३ मध्ये तेथे पार्क सुरू झाला आणि शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांतील मुलांसाठी आसपास उन्हाळी छावण्या उभ्या राहिल्या. नंतर मोटारगाड्या आल्या आणि गर्दीचे स्वरूपच पालटले. कॅलिफोर्नियात वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ एमिलिओ माइनिक यांच्या लक्षात आले की, रेडवूडच्या महावृक्षांखाली मन मानेल तेथे गाड्या आणि तंबू उभे राहिल्याने माती दबते आणि मुळे गुदमरतात. त्यांनी सुचवलेली मांडणी साधी होती : एकेरी वाहतुकीचा वळसेदार रस्ता, त्याला फुटलेले गाडी उभी करण्याचे आखूड फाटे, आणि प्रत्येक फाट्यालगत एका कुटुंबाच्या तंबूची, चुलीची व मेजाची ठरलेली जागा. आज अमेरिकेत कोठेही तंबू ठोकायला गेलेला माणूस बहुधा याच आराखड्यात मुक्काम करीत असतो.

स्टेट पार्कांच्या खऱ्या विस्ताराचे श्रेय मात्र महामंदीकडे जाते. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना सुरू केली. १९४२ पर्यंत सुमारे तीस लक्ष बेकार तरुण या योजनेतून गेले. महिना तीस डॉलर वेतन मिळे आणि त्यातले पंचवीस थेट घरी पाठवले जात. आपल्याकडील रोजगार हमी योजनेशी ताडून पाहावी अशी ही गोष्ट आहे. या मुलांनी आठशेच्या आसपास पार्कांत कामे केली; पायवाटा घातल्या, दगडी भिंती रचल्या, ओंडक्यांच्या झोपड्या बांधल्या आणि ओढ्यांवर बांध घालून तळी तयार केली. आज जी ‘निसर्गरम्य’ तळी म्हणून पाहिली जातात, त्यांतली कितीतरी या मुलांच्या फावड्यांनी घडलेली आहेत. एकट्या व्हर्जिनिया राज्याने १५ जून १९३६ या एकाच दिवशी सहा पार्क खुले केले, तेही याच श्रमाच्या जोरावर.

या योजनेत कृष्णवर्णीय तरुणही होते, पण १९३५ पासून त्यांच्या छावण्या सर्वत्र वेगळ्या करण्यात आल्या. दक्षिणेतील पार्कांत तर त्यांना पाहुणा म्हणून प्रवेशच नव्हता. व्हर्जिनियाचे ते सहाही पार्क गोऱ्यांसाठी होते. तेव्हा ज्यांनी बांध घातला, त्यांनी पाण्यात उतरायचे नाही, असा हा व्यवहार होता. टेनेसी राज्यात मेम्फिसजवळ कृष्णवर्णीयांसाठी एक स्वतंत्र पार्क काढला गेला. तो पुढे टी. ओ. फुलर यांच्या नावाने ओळखला गेला. तेथे १९४० मध्ये पोहण्याच्या तलावासाठी खोदकाम करताना मजुरांना मूलनिवासींच्या प्राचीन गावाचे अवशेष सापडले. तेच आजचे चुकालिसा हे पुरातत्त्वीय स्थळ. एका वंचित समूहासाठी वेगळे तळे खणताना दुसऱ्या, विस्मृत समूहाचे घर हाती लागावे, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

वगळण्याच्या साऱ्याच तऱ्हा कायद्यात लिहिलेल्या असतात असे नाही. न्यूयॉर्कजवळचा जोन्स बीच स्टेट पार्क ऑगस्ट १९२९ मध्ये रॉबर्ट मोझेस यांनी सुरू केला. तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील पूल त्यांनी मुद्दाम ठेंगणे बांधवले, जेणेकरून बस जाऊ नये आणि मोटार नसलेले गरीब व कृष्णवर्णीय लोक पोहोचू नयेत, असे रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ च्या आपल्या चरित्रग्रंथात म्हटले. लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये हे उदाहरण घेऊन वस्तूंनाही राजकारण असते, असा सिद्धान्त मांडला. बर्नवार्ड योर्गेस यांनी १९९९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला : त्या रस्त्यांवर व्यापारी वाहनांना मुळातच बंदी होती, म्हणून केवळ पुलाच्या उंचीवरून हेतू सिद्ध होत नाही. हा वाद साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून अभ्यासावा. दगडी पूल ही एक संहिता मानली, तर तिचा अर्थ कर्त्याच्या हेतूत शोधायचा की तिच्या परिणामात, हाच प्रश्न येथे आहे. बस न जाणे हा परिणाम मात्र वादातीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न न्यायालयांत गेला, आणि तो प्रामुख्याने पाण्यावरूनच गेला. १९४८ मध्ये व्हर्जिनियातील एका कृष्णवर्णीय बँकरने स्टॉन्टन रिव्हर पार्कात प्रवेश नाकारल्याबद्दल दावा लावला. राज्याने त्यावर उपाय काढला तो असा : १९५० मध्ये कृष्णवर्णीयांसाठी ‘प्रिन्स एडवर्ड’ हा निराळा पार्क घोषित केला. त्याच्या शेजारीच गोऱ्यांचे गुडविन तळे होते. एकाच रानात दोन रंगांसाठी दोन तळी! मेरीलँडमधील सँडी पॉइंट या स्टेट पार्कात किनाऱ्याचे असेच दोन भाग होते. त्या खटल्यात आणि बाल्टिमोरच्या एका खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने अशी विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि ७ नोव्हेंबर १९५५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

यानंतर दक्षिणेतील राज्यांनी जे केले, ते या सबंध इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. विल्यम ओब्रायन यांच्या २०१६ च्या ग्रंथामुळे स्टेट पार्कांच्या इतिहासाची ही बाजू सविस्तर पुढे आली आहे. व्हर्जिनियाने समुद्रकाठचा ‘सीशोर’ पार्क खासगी इसमास भाडेपट्ट्याने देण्याचा घाट घातला. जागा खासगी झाली की समतेचे बंधन सुटेल, हा हिशेब होता. न्यायालयाने ती पळवाटही बंद केली, तेव्हा पार्कच बंद ठेवला गेला. साउथ कॅरोलायनाने १९५६ मध्ये एडिस्टो बीच पार्क बंद केला आणि १९६३ मध्ये न्यायालयाचा आदेश येताच राज्यातील एकूण एक पार्क बंद केले. १९६४ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा उघडले, पण पोहणे आणि झोपड्यांतला मुक्काम वगळून. त्या दोन गोष्टी १९६६ पर्यंत थांबल्या. डोंगरवाटेवर माणसे शेजारून चालली तर एक वेळ सोसवत होते. एका पाण्यात उतरणे आणि एका छपराखाली निजणे सोसवत नव्हते. सर्वांना मिळण्यापेक्षा कोणालाच न मिळालेले बरे, असा हा निर्णय होता.

मराठी वाचकाला येथे महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावान्वये १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळ्यासंबंधी तसा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावे लागले. त्यानंतर सवर्णांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाही, ते खासगी स्वरूपाचे आहे, असे! हा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निर्णायकपणे फेटाळला गेला. व्हर्जिनियाचा भाडेपट्टा आणि महाडचा दावा यांत सुमारे तीन दशकांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे, पण युक्ती एकच दिसते. ‘सार्वजनिक’ शब्दात नको ते लोक येऊ लागले, की जागेवरून तो शब्दच काढून घ्यायचा. जात आणि वर्ण यांची उतरंड सारखी नाही, विटाळाची कल्पना आणि वंशभेदाची कल्पना यांची मुळे वेगळी आहेत, हे आम्ही विसरत नाही. तथापि ही तुलना केवळ आमची नव्हे. खुद्द डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समूहांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते.

१९६४ हे वर्ष दोन कायद्यांमुळे निर्णायक ठरले. नागरी हक्कांच्या कायद्याने भेदभावाला देशभर बंदी केली, आणि भूमी व जल संवर्धन निधीच्या कायद्याने राज्यांना विहारस्थळांसाठी केंद्राचे साह्य मिळू लागले. या निधीतून घडलेली जागा दुसऱ्या कामासाठी वापरायची, तर तिच्या तोडीची जागा द्यावी लागते, ही अट मोलाची आहे. पुढल्याच वर्षी स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतीयांना अमेरिकेची दारे मोकळी झाली. त्यानंतर गेलेली मराठी कुटुंबे उन्हाळ्यात याच पार्कांत सहली काढू लागली. तेथील मराठी मंडळांच्या वनभोजनांच्या कथा आपल्या परिचयाच्या आहेत. त्या तळ्यांत मराठी मुले निःशंकपणे पोहली, कारण थोडीच वर्षे आधी कोणीतरी न्यायालयाची पायरी चढले होते. स्थलांतरितांविषयीच्या आपल्या लेखनात याची नोंद फारशी आढळत नाही. ती असायला हवी.

‘सार्वजनिक’चे प्रश्न तेवढ्याने संपले नाहीत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने पैसे नाहीत म्हणून आपल्या सुमारे २८० पार्कांपैकी ७० बंद करण्याची घोषणा केली. लोकांनी वर्गण्या काढून पार्क तगवले, आणि २०१२ मध्ये उघड झाले की संबंधित खात्याच्या दोन निधींत ५ कोटी ४० लक्ष डॉलर दडून राहिले होते. जागा राज्याची असली, तरी हिशेब लोकांना दिसला नाही तर ती पुरती लोकांची होत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

सर्वांत अलीकडचे प्रकरण मिनेसोटातील आहे आणि ते आपल्याला आरंभीच्या वजाबाकीकडे परत नेते. ‘अप्पर सू एजन्सी’ हा स्टेट पार्क १९६३ मध्ये स्थापन झाला. १८६२ मध्ये याच जागी डकोटा लोक उपाशी असताना कराराने त्यांचे असलेले धान्य कोठारांत अडवून ठेवले गेले होते, आणि त्यातून युद्ध पेटले. त्या भूमीत पूर्वजांच्या दफनाच्या जागा आहेत. तेथे लोकांनी तंबू ठोकावेत आणि शेकोट्या पेटवाव्यात, हे डकोटांना सलत होते. २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २०२४ मध्ये पार्क बंद करून जमीन तेथील डकोटा समूहाला परत दिली. आसपासच्या काही रहिवाशांनी याला विरोध केला. आमची सहलीची जागा गेली, असे ते म्हणाले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी त्या नदीकाठाशी जोडलेल्या होत्या.

साउथ कॅरोलायनानेही पार्क बंद केले आणि मिनेसोटानेही केला. वरवर कृती एकच आहे. एका ठिकाणी दुसऱ्याला वाटा द्यावा लागू नये म्हणून दार लावले गेले. दुसऱ्या ठिकाणी मुळात ज्याचा वाटा बुडवला होता, त्याला तो परत देण्यासाठी. म्हणून ‘खुले’ म्हणजे न्याय्य आणि ‘बंद’ म्हणजे अन्याय्य, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. ओल्मस्टेड यांनी श्रीमंतांच्या कुंपणांविरुद्ध ‘सर्व लोक’ हा शब्द उभा केला, आणि तो शब्द मोठाच होता. त्यात कोणाला मोजायचे राहून गेले, हे मात्र त्या शब्दाने आपणहून कधी सांगितले नाही. ते बाहेर राहिलेल्यांनाच येऊन सांगावे लागले. आपल्या संहितांत ‘सार्वजनिक’, ‘लोक’, ‘समाज’ असे शब्द आले की, त्या क्षणी पाणवठ्यावर कोण उभे आहे आणि कोणाला दूर उभे केले आहे, हे विचारण्याची सवय आपण वाचकांनी आणि शिक्षकांनी लावून घेतली पाहिजे.